पुढचा हॉल फुटबॉल क्लबचा घ्या : इंग्लंडमधल्या महाराष्ट्र मंडळांना खुले पत्र

प्रति,
इंग्लंडमधल्या सर्व लहानमोठ्या महाराष्ट्र मंडळांचे अध्यक्ष, खजिनदार आणि कार्यकारिणी सदस्य

सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसाठी असलं तरी ते आधी खजिनदारांनी वाचावं, कारण विषय हॉलच्या भाड्याचा आहे.

गणपती, दिवाळी, संक्रांतीचं हळदीकुंकू, पाडवा, झालंच तर एखादं नाटक. वर्षातून चार-पाच वेळा आपण हॉलच्या शोधात असतो. कधी शाळेचा मिळतो, कधी चर्चचा, कधी कौन्सिलच्या लेझर सेंटरचा. लंडनच्या मंडळाचं बरं आहे. 1932 सालचं मंडळ, डॉलिस हिल लेनवर स्वतःची वास्तू. बाकीचे आपण सगळे भाडेकरू. माझी विनंती अशी की पुढचा हॉल ठरवताना आपल्या गावच्या नॉन-लीग, म्हणजे वरच्या चार पातळ्यांबाहेरच्या, फुटबॉल क्लबच्या क्लबहाउसची चौकशी करा. आणि पैसे द्यायला तिथे जाणारच आहात, तर एखाद्या शनिवारी दुपारी तीनची मॅचही बघा.

आपल्यातल्या निम्म्या लोकांना गावात असा क्लब आहे हेच माहीत नसतं. पंधरा वर्षं राहून मुलांना आर्सेनल, लिव्हरपूलचे शर्ट घेऊन दिलेले असतात, पण सुपरमार्केटच्या मागे जे चार उंच दिव्यांचे खांब दिसतात ते कशाचे, हे कधी कोणी विचारलेलं नसतं.

तर थोडक्यात रचना सांगतो. सगळ्यात वर प्रीमियर लीगचे 20 क्लब. त्याखाली ईएफएलच्या, म्हणजे जुन्या फुटबॉल लीगच्या (बोलताना नुसती 'लीग'), चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू या तीन विभागांत 24-24 धरून 72. हे 92 सोडले की उरलेलं सगळं नॉन-लीग. त्यातही वर नॅशनल लीगचे 24, त्याखाली तिचेच उत्तर आणि दक्षिण विभाग, मग नॉर्दर्न, सदर्न, इस्थमियन अशा जुन्या लीग, आणि त्याखाली पायऱ्या उतरत उतरत थेट तालुक्यापर्यंत. एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेत दरवर्षी सातशेहून जास्त क्लब उतरतात, त्यातले बहुसंख्य हेच. सुरुवात होते ऑगस्टच्या पहिल्या दिवसांत, जेव्हा मोठे क्लब अजून परदेश दौऱ्यावर सराव सामने खेळत असतात.

मी मूळचा कोल्हापूरचा, त्यामुळे मला हे प्रकरण समजायला वेळ लागला नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तालमींची, नाहीतर शिवाजी तरुण आणि दिलबहारची मॅच असली की पेठेतली माणसं कामं टाकून येतात, आणि आपली तालीम, म्हणजे पेठेचा संघ, हरली तर घरी जेवताना कोणी बोलत नाही. खेळाडू आपल्या गल्लीतला असतो, वर्गणी आपली असते. इंग्लंडच्या छोट्या गावातला क्लब हा त्याच जातीचा प्राणी आहे. फक्त इथे पाऊस जास्त आणि शिव्या जरा कमी.

आमच्या गावच्या क्लबात मी शनिवारी टर्नस्टाइलवर बसतो. लोखंडी फिरकं, खिडकीएवढं भोक, सुट्ट्या नाण्यांचा डबा, आणि आता एक कार्ड मशीन, जे ऐन अडीच वाजता नेटवर्क सोडतं. आत शिरताच उजवीकडे एक आजोबा फिफ्टी-फिफ्टीची तिकिटं विकतात : जमा झालेले निम्मे पैसे जिंकणाऱ्याला, निम्मे क्लबला. पलीकडे चहाची टपरी, तिथे चिप्स, बर्गर आणि थंडीत बॉव्हरिल नावाचं एक काळं कढत पेय, जे मला अजून झेपलेलं नाही. ग्राउंड्समन हा निवृत्त माणूस आहे. मॅचच्या सकाळी आठ वाजता तो बागकामाचा काटा घेऊन गोलसमोरच्या चिखलात खुपसून बघतो आणि चेहऱ्यावरून कळतं की आज मॅच होणार की नाही. रेफरीचा निकाल नंतर येतो, खरा निकाल त्या काट्याचा. मध्यंतराला प्रेक्षक उठून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जातात, म्हणजे उत्तरार्धातही आपला संघ ज्या गोलवर हल्ला करतोय त्याच्या मागेच उभं राहता येतं. पाहुण्या संघाचे लोक समोरून येत असतात. वाटेत दोन्ही टोळ्या एकमेकांना टोमणे मारतात, हातात बिअरचे प्लास्टिकचे ग्लास असतात, कारण या पातळीवर मैदानाकडे बघत प्यायची परवानगी आहे. वरच्या पाच पातळ्यांवर ती नाही. मॅचनंतर तीच माणसं क्लबहाउसमध्ये एका टेबलावर.

तिकीट प्रौढांना साधारण दहा-पंधरा पौंड, पोरांना बऱ्याच ठिकाणी नाममात्र किंवा फुकट. आता खजिनदारांनी हिशोब करून बघावा. समजा तीनशे माणसं आली आणि सरासरी बारा पौंड पडले, तर 3600 पौंड. त्यातून रेफरी आणि त्याचे दोन सहायक, दिव्यांची वीज, पुढच्या शनिवारच्या प्रवासाची बस, फिजिओ, विमा, खेळाडूंचे पैसे. खेळाडू दिवसा शाळेत शिकवतात, गोदामात काम करतात, छपरं दुरुस्त करतात, आणि मंगळवार-गुरुवार संध्याकाळी सरावाला येतात. घरची मॅच साधारण पंधरवड्यातून एकदा. ती पावसाने गेली की तो महिना कोरडा. जानेवारीत गोठलेल्या मैदानामुळे लागोपाठ दोन मॅच पुढे गेल्या की कमिटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर स्मशानशांतता पसरते. पुढे त्या मॅच मंगळवारी रात्री होतात, आणि मंगळवारी रात्री अर्धीच माणसं येतात.

म्हणून क्लबहाउस. पन्नाशीचे वाढदिवस, लग्नाच्या पार्ट्या, अंत्यविधीनंतरचं खाणं, झुंबा, स्लिमिंग क्लब. गोल कोणी मारला याहून क्लबच्या ताळेबंदात शुक्रवारी रात्री हॉल गेला का याला जास्त किंमत आहे. ज्यांच्याकडे कृत्रिम गवताचं मैदान आहे ते आठवडाभर ते तासाच्या भाड्याने देतात. केंटमधला मेडस्टोन युनायटेड त्यावरच पुन्हा उभा राहिला. 1992 मध्ये दिवाळं निघून हा क्लब फुटबॉल लीगमधून बाहेर पडला होता, नंतर कितीतरी वर्षं दुसऱ्या गावांत भाड्याने खेळला, 2012 मध्ये स्वतःच्या गावात मैदान बांधून परतला, आणि जानेवारी 2024 मध्ये सहाव्या पातळीवरच्या याच क्लबने एफए कपमध्ये चार पातळ्या वरच्या इप्सविचला त्यांच्याच घरी 2-1 हरवलं. त्या गवतामागेही एक गंमत आहे. नॅशनल लीगमध्ये ते चालतं, ईएफएलमध्ये नाही. सटन युनायटेड 2021 मध्ये वर गेला तेव्हा त्याला कमाई करून देणारं मैदान उखडून खरं गवत लावावं लागलं. बढतीचं बक्षीस म्हणजे उत्पन्नाचं साधन काढून घेणं.

क्लब मरतात कसे, हेही सांगायला हवं, कारण आपल्याकडे असा समज आहे की शंभर वर्षांची संस्था अशी कशी बुडेल. बरी (Bury) या क्लबची गोष्ट ऐका. मँचेस्टरच्या उत्तरेचं हे गाव, क्लब 1885 चा, एफए कप दोनदा जिंकलेला, 1900 आणि 1903. दुसऱ्यांदा अंतिम सामन्यात डर्बीला 6-0 ने. 2018-19 च्या हंगामात संघाने बढती मिळवली, आणि त्याच हंगामात खेळाडूंचे पगार थकले. डिसेंबर 2018 मध्ये क्लब एका पौंडाला विकला गेला होता. घेणाऱ्याकडे तो चालवायला पैसे आहेत का, हे नीट कोणी तपासलं नाही. 27 ऑगस्ट 2019 ला ईएफएलने बरीला काढून टाकलं. त्या दिवशी शेकडो लोक गिग लेन या क्लबच्या मैदानावर झाडू, बादल्या घेऊन स्टँड साफ करत होते. नवा मालक मिळणार, मॅच होणार, खुर्च्या पुसून ठेवायला हव्यात म्हणून. रात्री बातमी आली. पुढे दोन तट पडले, एक नवा क्लब निघाला, भांडणं झाली, आणि 2023 मध्ये सगळे एकत्र येऊन बरी पुन्हा गिग लेनवर खेळू लागला, पण कितीतरी पायऱ्या खाली, नॉर्थ वेस्ट काउंटीज लीगमध्ये.

मॅकल्सफिल्ड टाउन सप्टेंबर 2020 मध्ये कोर्टात संपला. देणं होतं पाच लाख पौंडांच्या वर. प्रीमियर लीगचा एखादा बदली खेळाडू एवढे पैसे काही आठवड्यांत कमावतो. रशडेन अँड डायमंड्स हा तर दोन क्लब जोडून 1992 मध्ये उभा केलेला, बुटांच्या कारखानदाराच्या पैशावर 2001 मध्ये लीगपर्यंत पोचलेला. मालक बाजूला झाला आणि 2011 मध्ये कारभार आटोपला. त्यांचं देखणं मैदान, नेन पार्क, नंतर पाडून टाकलं. या सगळ्यांत एक समान धागा आहे : एकाच माणसाच्या खिशावर उभा क्लब, ऐपतीबाहेरचे पगार, कर भरायचा राहिला की कर खात्याची बंद करण्याची याचिका, आणि गावाला सगळ्यात शेवटी कळतं.

आणि ज्यांनी उभं केलं तेही याच पायऱ्यांवर भेटतात. 2002 मध्ये विम्बल्डनचा क्लब उचलून मिल्टन कीन्सला न्यायला परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी त्याच वर्षी एएफसी विम्बल्डन काढला, बऱ्याच खालच्या थरात सुरुवात केली आणि नऊ वर्षांत, 2011 मध्ये, फुटबॉल लीगमध्ये आणून बसवला. आपल्यातल्या मँचेस्टर युनायटेडच्या भक्तांसाठी खास : 2005 मध्ये ग्लेझर कुटुंबाने क्लब घेतला तेव्हा चिडलेल्या चाहत्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर काढला. एक सभासद एक मत, कितीही पैसे घाला. 2015 पासून त्यांचं स्वतःचं मैदान आहे. आपल्या मंडळाच्या घटनेतही नेमकं हेच कलम असतं, फरक एवढाच की त्यांच्या वार्षिक सभेला गणसंख्या पूर्ण होते.

आता पंजाब्यांकडे बघा. हे जरा टोचण्यासाठीच लिहितो आहे. लँकेशरच्या समुद्रकाठचा मोरकॅम 2025 मध्ये लीग टूमधून खाली पडला. पैसे थकले, पगार थकले, जुलैअखेर नॅशनल लीगने क्लब निलंबित केला, पहिल्या मॅच पुढे ढकलाव्या लागल्या. गाव रस्त्यावर उतरलं होतं. ऑगस्टमध्ये पंजाब वॉरियर्स या शीख गुंतवणूकदारांच्या गटाने क्लब घेतला आणि प्रशिक्षक म्हणून तिशीतल्या अशवीर सिंग जोहल याला नेमलं. इंग्लंडमधल्या व्यावसायिक क्लबचा तो पहिला शीख मॅनेजर. हातात मोजके खेळाडू होते, संघ काही दिवसांत जमवला, आणि ऑल्ट्रिंकॅमविरुद्धची पहिलीच मॅच जिंकली. ही मोठ्या पैशांची गोष्ट झाली. छोट्या पैशांची बघायची तर वेस्ट मिडलंड्समध्ये विलेनहॉलला जा. स्पोर्टिंग खालसा, 1991 मध्ये तिथल्या पंजाबी मंडळींनी काढलेला क्लब. नूज लेनवर मैदान, आणि 2015 मध्ये एफए कपच्या चौथ्या पात्रता फेरीपर्यंत मजल. तिथे त्यांना कोणी हरवलं? वर सांगितलेल्या एफसी युनायटेडनेच. मराठी माणसाने क्लब विकत घ्यावा असं मी म्हणत नाही. आपण हॉल घ्यावा, एवढंच म्हणतो.

काहींना वाटेल, की क्लब चांगले असतील तर वर जातील, गुणवत्ता असली की जागा मिळते. मिळत नाही. 1987 पर्यंत तर लीगमध्ये जायला जिंकून चालतच नसे, मतं लागत, आणि मतं द्यायची कोणी, तर आत बसलेल्या क्लबांनी. 1980 मध्ये ऑल्ट्रिंकॅम एका मताने बाहेर राहिला, 26 विरुद्ध 25, आणि रॉचडेल आत टिकला. (तो रॉचडेल 2023 मध्ये शेवटी नॅशनल लीगमध्ये उतरला आणि ऑल्ट्रिंकॅमच्या शेजारी येऊन बसला. देव आहे.) मग 1987 पासून विजेत्याला थेट बढती सुरू झाली, पहिला मान स्कारबरोला. तरी 1994 मध्ये किडरमिन्स्टर, 1995 मध्ये मॅकल्सफिल्ड आणि 1996 मध्ये स्टीव्हनेज, ओळीने तीन विजेते, मैदान नियमात बसत नाही म्हणून खालीच राहिले. 2003 पासून दोन जागा झाल्या : एक विजेत्याला, एक प्लेऑफमधून, म्हणजे त्याच्या खालोखालच्या संघांच्या बाद सामन्यांतून.

या दोन जागांनी काय होतं ते बघा. 2022-23 मध्ये नॉट्स काउंटीने 107 गुण मिळवले. कुठल्याही दुसऱ्या वर्षी यावर ताशे वाजले असते. पण हॉलिवूडच्या दोन नटांनी विकत घेतलेल्या रेक्सॅमचे 111 झाले, आणि काउंटीला प्लेऑफचा घाट चढावा लागला, शेवटी पेनल्टींवर सुटका. 2024-25 मध्ये यॉर्क सिटीने 96 गुण मिळवले, दुसरा क्रमांक. प्लेऑफमध्ये त्यांच्याच घरी ओल्डमने 3-0 ने काढलं. ओल्डम पाचव्या क्रमांकावर होता, 73 गुणांवर. यॉर्क खाली राहिला, ओल्डम वर गेला. लीग टूमधून लीग वनमध्ये चार संघ चढतात, पण नॅशनल लीगमधून लीग टूमध्ये दोनच. 2025 मध्ये नॅशनल लीगच्या तिन्ही विभागांतल्या सगळ्या 72 क्लबांनी मिळून पत्र लिहिलं, की तिसरी जागा द्या. निर्णय ईएफएलच्या 72 क्लबांच्या हातात, आणि स्वतःच्या पायाखालची फळी जरा सैल करायला मत कोण देणार? सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगच्या जागा पुन्हा वाटून घेऊ म्हणून कोणी स्वतः सुचवल्याचं मी पाहिलेलं नाही.

कपचंही तेच. पूर्वी छोट्या क्लबला एक आशा असायची : मोठ्याला बरोबरीत रोखलं, की पुन्हा मॅच, त्यांच्या प्रचंड मैदानावर, आणि तिकिटांच्या पैशांत वाटा. जानेवारी 2005 मध्ये नॉन-लीगमध्ये असलेल्या एक्सेटर सिटीने ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला 0-0 रोखलं. परतीची मॅच हरले, पण त्या दोन मॅचच्या पैशांनी चाहत्यांच्या मालकीचा तो क्लब कर्जातून बाहेर काढला. 2024-25 पासून पहिल्या फेरीपासूनच्या या पुनर्सामन्यांवर फुली मारली. कारण काय, तर मोठ्या क्लबांचं वेळापत्रक दाटलं. मग त्याच हंगामात, 12 जानेवारी 2025 ला, नॉन-लीगमधल्या टॅमवर्थच्या कृत्रिम गवतावर प्रीमियर लीगचा टॉटनहॅम आला. टॅमवर्थच्या गोलमध्ये जस सिंग होता. हा माणूस आठवडाभर इमारतींचं सर्वेक्षण करतो. नव्वद मिनिटं संपली, 0-0. जुना नियम असता तर टॅमवर्थची माणसं बस भरभरून टॉटनहॅमच्या साठ हजारांच्या स्टेडियमला गेली असती आणि क्लबची काही वर्षांची ददात मिटली असती. नव्या नियमाने जादा वेळ खेळवला, त्यात तीन गोल पडले, आणि सोमवारी जस सिंग कामावर. आपल्या रंगाचा, आपल्यासारखीच नोकरी करणारा माणूस दीड तास प्रीमियर लीगला अडवून बसला होता, आणि आपल्या ग्रुपांवर त्या दिवशी त्याचं नावही नव्हतं.

जुलै 2025 मध्ये फुटबॉल कारभाराचा कायदा झाला आणि स्वतंत्र नियामक आला. मालकाची तपासणी, परवाने, चाहत्यांचं म्हणणं ऐकणं, सगळं चांगलं आहे, बरीच्या वेळी हे हवं होतं. पण त्याची हद्द वरच्या पाच पातळ्यांपुरती, म्हणजे 20, 72 आणि 24 मिळून 116 क्लब. तुमच्या-माझ्या गावचा क्लब बहुधा त्याखाली. तिथे नियामक म्हणजे सेक्रेटरीची बायको, जी विचारते की या महिन्यात पण घरातूनच घातलेत का पैसे.

आता आपल्या बाजूच्या शंका. माझ्या मंडळात या सगळ्या निघाल्या, त्यामुळे पाठ आहेत.

बारशेजारी गणपती कसा बसवायचा? शटर पाडून. बार बंद ठेवायचा असेल तर क्लब भाडं थोडं वाढवून मागेल, कारण त्यांची खरी कमाई बारवर असते, आणि ते रास्त आहे. दिवाळीच्या रात्री शटर उघडं ठेवा, आपले सभासद सगळी भरपाई करतील याची मला खात्री आहे. ढोल-ताशा? गाड्या लावायची जागा मोठी असते आणि शेजाऱ्यांना आवाजाची सवय असते. मैदानावर लेझीम मात्र मागू नका. त्या ग्राउंड्समनला काही झालं तर पाप लागेल. स्वयंपाकघर लहान असतं, फोडणीच्या धुराने फायर अलार्म वाजतो, तेव्हा मसालेभात बाहेरून करून आणा.

एक शंका थट्टेत काढण्यासारखी नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात इथे आलेल्या आपल्या ज्येष्ठांना फुटबॉलचं मैदान म्हटलं की अंगावर काटा येतो. त्यांनी जे ऐकलं, सोसलं, ते खरं आहे. आज सगळं स्वच्छ झालं असं मी लिहिणार नाही. मात्र तीनशे माणसांच्या मैदानात कोण काय ओरडलं हे सगळ्यांना ऐकू येतं, आणि ओरडणाऱ्याला दारावरचा माणूस नावाने ओळखतो. साठ हजारांच्या गर्दीतला निनावीपणा तिथे मिळत नाही. मी एवढंच सांगू शकतो की आमच्या टर्नस्टाइलवर पहिल्या वर्षी मी "तो इंडियन माणूस" होतो आणि आता सुटे नाहीत म्हणून मला माझ्या नावाने शिव्या बसतात. नावाचा उच्चार अजून धड नाही.

तरुण सभासदांसाठी आणखी एक मुद्दा. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात ब्रिटनमध्ये टीव्हीवर फुटबॉल थेट दाखवत नाहीत. पुण्यातला तुमचा भाऊ ती मॅच सोफ्यावर लोळत बघतो आणि तुम्ही मैदानापासून दहा मैलांवर राहून बघू शकत नाही, म्हणून तुम्ही कुठून तरी टीव्हीला लावायची चोरटी स्टिक मिळवता. ती बंदी 1960 च्या दशकापासून चालत आलेली आहे, आणि छोट्या मैदानांवरचं गिऱ्हाईक टीव्हीने पळवू नये म्हणूनच आणलेली आहे. म्हणजे ती वेळ ज्यांच्यासाठी राखून ठेवली आहे ते तुमच्या गल्लीच्या टोकालाच आहेत.

तारखांचं गणित सोपं आहे. वेळापत्रक जुलैमध्ये येतं. घरची आणि बाहेरची मॅच साधारण आलटून पालटून असते, तेव्हा संघ बाहेरगावी असलेला शनिवार निवडा, किंवा रविवार. गणपतीच्या सुमाराला एफए कपच्या पात्रता फेऱ्या असतात आणि त्यांची सोडत ऐनवेळी निघते, म्हणून तेव्हाची तारीख पक्की करताना कपचं काय ते आधी विचारून घ्या. मुलांसाठी मंडळाच्या नावाने एक मॅच प्रायोजित करता येते. चेंडू प्रायोजित करणं त्याहून स्वस्त असतं, आणि माहितीपत्रकात नाव छापून येतं. बहुतेक चुकीच्या स्पेलिंगने.

क्लबला दुपारी फोन कराल तर कोणी उचलणार नाही, कारण सेक्रेटरी स्वतःच्या नोकरीवर असतो. मंगळवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी सातनंतर जा. सराव चालू असतो, दिवे लागलेले असतात आणि बार उघडा असतो. बारमागे जो कोणी असेल त्याच्याकडे हॉलची डायरी मागा.

आपला,
मंडळाचा एक वर्गणीदार आणि शनिवारी टर्नस्टाइलवरचा माणूस